चोख हिशेबाचा हुकूमशहा

पांडुरंग महादेव बापट पारनेरला जन्मले ते १२ नोव्हेंबर १८८० रोजी. त्यानंतर साडेआठ वर्षांनी, २८ एप्रिल १८८९ रोजी, पोर्तुगालमधल्या व्हिमिएइरो नावाच्या खेड्यात आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार जन्मला. दोघांची घरे बेताची आणि दोघेही अभ्यासात पुढे. बापट नगरहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला पोचले. सालाझार पाद्री होण्यासाठी सेमिनरीत गेला, तिथून कोइंब्रा विद्यापीठात, आणि तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंग्रजी राजवटीविरुद्ध जाहीरपणे बोलल्याबद्दल बापटांची शिष्यवृत्ती गेली. सालाझारच्या वाट्याला पुढे सगळ्या देशाची तिजोरी आली.

या दोन आयुष्यांची गाठ पडली ती १८ मे १९५५ रोजी, गोव्याच्या हद्दीवर. त्या दिवशी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली भारतातून निघालेली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्यात शिरली. बापट तेव्हा ७४ वर्षांचे होते. हातात शस्त्र नव्हते, पाठीशी सरकार नव्हते. समोर होते ते लिस्बनहून चालणारे, तेव्हा जवळजवळ २३ वर्षे पंतप्रधानपदी बसलेल्या एका माणसाचे पोलीस. पारनेरच्या या म्हाताऱ्याने ज्याच्या हद्दीत पाऊल टाकले तो सालाझार सत्तेवर आला कसा, टिकला कशाच्या जोरावर आणि गेला कसा, हे मराठी वाचकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. हिटलर-मुसोलिनीच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या गेल्या. सालाझार मात्र आपल्या उंबरठ्यावर होता, सावंतवाडीच्या पलीकडे, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

हुकूमशहा म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो गच्चीवरून गर्जना करणारा, छाती पुढे काढणारा, मशाली आणि मिरवणुका काढणारा माणूस. सालाझार यातला नव्हता. आवाज बारीक, गर्दीचे वावडे, लग्न केले नाही, राहणी साधी. पंतप्रधानांच्या निवासाच्या मागे त्याची घरकाम पाहणारी बाई कोंबड्या पाळत असे. त्याने मोर्चा काढून सत्ता घेतली नाही, निवडणूक जिंकूनही घेतली नाही. त्याला बोलावून आणले गेले. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे मागे जायला हवे.

पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. या प्रजासत्ताकाची १६ वर्षे म्हणजे न संपणारा गोंधळ होता. एवढ्या काळात ४५ सरकारे झाली. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिदोनियो पाइश यांना गोळ्या घातल्या गेल्या, १९२१ मध्ये ग्रांजो नावाच्या पंतप्रधानांचा एका रात्रीत खून झाला. पगार वेळेवर नाहीत, चलनाची किंमत घसरत चाललेली. आणि १९२५ मध्ये कळस झाला. आल्व्हेस रेइश नावाच्या एका भामट्याने खोटी कागदपत्रे दाखवून लंडनच्या त्याच कारखान्यातून ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या, जिथे देशाच्या खऱ्या नोटा छापल्या जात. नोटा हुबेहूब होत्या, कारण कारखाना खराच होता, हुकूम तेवढा खोटा होता. त्या नोटांवर चित्र होते वास्को द गामाचे. या पैशांवर त्याने एक बँकसुद्धा उघडली. हे उघडकीला आले तेव्हा लोकांचा सरकारवरचा, बँकेवरचा, खिशातल्या नोटेवरचा विश्वासच उडाला.

पुढच्याच वर्षी, २८ मे १९२६ रोजी, लष्कराने सत्ता घेतली आणि फारसे कोणी रडले नाही. पण सेनापतींना बंदूक चालवता येत होती, अंदाजपत्रक मांडता येत नव्हते. त्यांनी कोइंब्राच्या प्राध्यापकाला बोलावले. पहिल्या खेपेला तो काही दिवसांतच परत गेला. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणे आले तेव्हा त्याने अट घातली: प्रत्येक खात्याचा प्रत्येक खर्च आपल्या संमतीने होईल, आपण नाही म्हटले तर पैसा सुटणार नाही. अट मान्य झाली. वर्षभरात त्याने तुटीचा ताळेबंद शिलकीत आणून दाखवला. कर वाढले होते, खर्च कापले होते, पण शिल्लक दिसत होती. ५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला आणि पुढची ३६ वर्षे त्या जागेवरून हलला नाही.

बापट त्या वेळी कुठे होते? एप्रिल १९२८ मध्ये ते तुरुंगात होते. मुळशीला टाटांच्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे बुडणार होती. १९२१ पासून तिथल्या मावळ्यांच्या सत्याग्रहात बापट उतरले आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटले ते तिथेच. रेल्वे अडवल्याच्या प्रकरणात त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. लिस्बनमध्ये एक माणूस देशाच्या खर्चाच्या चाव्या एकेक करून ताब्यात घेत होता, त्याच काळात पारनेरचा हा माणूस शेतकऱ्याच्या जमिनीपायी कोठडीत दिवस काढत होता.

शिस्तीची भूक ही काही पोर्तुगालचीच गोष्ट नव्हती. मराठी मुलुखातही ती होती. १९२०च्या दशकात आणि त्यानंतरही मराठी वृत्तपत्रांत इटलीतल्या मुसोलिनीच्या राज्याचे कौतुक छापून येत होते. १९ मार्च १९३१ रोजी डॉ. बा. शि. मुंजे रोमला मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या लष्करी संघटना त्यांनी पाहिल्या आणि त्यांचे मन भारावले. तरुणांना लष्करी वळण लागावे हा त्यांचा ध्यास होता, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. गुलाम देशातल्या माणसाला दुसऱ्या देशाची शिस्तबद्ध रांग पाहून हेवा वाटावा हे समजू शकते. पण ती रांग कशाने सरळ राहते, रांगेबाहेर पडलेल्याचे काय होते, हे विचारायचे राहून गेले. आजही चावडीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत एखादा भला माणूस सहज म्हणून जातो की या देशाला दहा वर्षे दंडुकाच पाहिजे. बोलणारा दुष्ट नसतो. तो रस्त्यातल्या खड्ड्यांना, कचेरीतल्या हेलपाट्यांना कंटाळलेला असतो. पोर्तुगालचा मध्यमवर्गही असाच कंटाळला होता.

शिस्तीचा दुसराही एक अर्थ आहे आणि तो पारनेरने पाहिला आहे. बापट तरुणपणी पॅरिसला गेले, रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची माहिती मिळवून १९०८ मध्ये भारतात परतले, भूमिगत राहिले, पकडले गेले, सुटले. त्यानंतर गावी आल्यावर त्यांनी हातात झाडू घेतला आणि ते पारनेरचे रस्ते झाडू लागले. परदेशात शिकून आलेल्या ब्राह्मणाने गावाची घाण स्वतः काढावी हे त्या काळात साधे नव्हते. ही शिस्त त्यांनी आधी स्वतःला लावली आणि ती दुसऱ्यावर लादली नाही. हुकूमशहाची शिस्त कायम दुसऱ्यासाठी असते, आणि तो म्हणेल ती स्वच्छता, तो म्हणेल ती शांतता, असा तिचा नियम असतो. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, ही आपली मोठी चूक आहे.

सालाझारने आपली शांतता कशी बांधली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९३३ मध्ये त्याने नवी राज्यघटना आणली आणि राजवटीचे नाव ठेवले एस्तादो नोवो, म्हणजे नवे राज्य. घटनेवर जनमत घेतले, त्यात जे मतदानालाच आले नाहीत त्यांचीही गणना होकारात केली. मौन म्हणजे संमती, हे इतक्या उघडपणे कागदावर आणणारी राजवट विरळाच. पक्ष एकच उरला. संप बंद झाले, कामगार संघटना सरकारी साच्यात गेल्या, आणि तो साचा मुसोलिनीच्या कामगार कायद्यावरून घेतलेला होता. गुप्त पोलीसदल उभे राहिले, त्याला १९४५ पासून पीदे हे नाव मिळाले. वर्तमानपत्राचे प्रत्येक पान छपाईआधी सेन्सॉरकडे जाऊ लागले. १९३६ मध्ये मुलांसाठी गणवेशातली युवक संघटना निघाली, मोठ्यांसाठी निमलष्करी सेना निघाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप व्हर्द बेटांत तार्राफालची छावणी उघडली. राजकीय कैद्यांनी तिला सावकाश मृत्यूची छावणी म्हटले.

सालाझारला फॅसिस्ट म्हणावे की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. नाही म्हणणारे सांगतात की त्याने पोर्तुगालच्या खऱ्याखुऱ्या निळ्या डगलेवाल्या फॅसिस्टांवर १९३४ मध्ये स्वतःच बंदी घातली, दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ राहिला आणि १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापक देशांत त्याचा देश होता. हे सगळे खरे आहे. पण निळ्या डगल्यांवर बंदी आली ती लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे. रस्त्यावरची गर्दी त्याला नको होती, मग ती त्याच्या बाजूची का असेना. गर्दीला आज जयजयकाराची सवय लागली की उद्या ती प्रश्नही विचारते. मुसोलिनीने लोकांना चौकात उभे केले आणि सालाझारने घरात बसवले, एवढाच फरक. बाकी एकच पक्ष, पोलीस, सेन्सॉर, छावणी, नेत्याचा शब्द अंतिम, हे सामान दोन्हीकडे सारखेच होते. गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनी त्याच्या राजवटीला फॅसिस्ट म्हटले, आणि ज्याने गोव्यातल्या अग्वाद किल्ल्याच्या कोठडीतून ती राजवट पाहिली त्याचा शब्द या वादात वजनदार धरला पाहिजे.

गोव्याची गोष्ट यातली सगळ्यात बोलकी आहे. ज्या प्रजासत्ताकाला पोर्तुगीज लोक विटले, त्याच प्रजासत्ताकाने १९१० नंतर गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क दिले होते. शतकानुशतकांनंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येत होता. शाळा निघाल्या, वाचनालये निघाली, मराठी नियतकालिके निघाली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' त्याच काळातले. लिस्बनला जो गोंधळ वाटत होता, तो पणजी-मडगावला मोकळेपणा होता. सालाझारने गोंधळ संपवला तेव्हा हा मोकळेपणाही संपला. १९३०च्या वसाहत कायद्याने गोव्याला खालच्या पायरीवर बसवले. ४ जुलै १९३० रोजी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधान मंडळात उभे राहून स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. त्यांचे 'प्रकाश' हे पत्र १९३७ मध्ये बंद पडले. पुढे पुढे तर लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. घरात मुलीचे लग्न ठरले आहे, मुहूर्त जवळ आला आहे, आणि पत्रिकेतल्या मजकुरावर सरकारी शिक्का उठल्याशिवाय छापखाना हलत नाही! ज्या सरकारला लग्नपत्रिकेची भीती वाटते ते किती घाबरलेले असेल?

आणि तरीही आज गोव्यात, कोकणात, कधी मुंबईतही, तो काळ किती छान होता असे सांगणारी माणसे भेटतात. चोऱ्या नव्हत्या, परदेशी वस्तू स्वस्त मिळत, कचेरीत काम होत असे. पोर्तुगालमध्येही तसेच आहे. २००७ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने सर्वांत थोर पोर्तुगीज कोण असा कौल घेतला, तेव्हा फोन करणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी सालाझारचे नाव दिले. अशा आठवणी खोट्या ठरवून हसण्यावारी नेऊ नयेत. ज्याच्या दारावर पीदेची थाप कधी पडली नाही त्याला खरोखरच तो काळ शांत वाटला असणार. पण हिशेब पुरा मांडायला हवा. १९३० च्या जनगणनेत पोर्तुगालमधले साठ टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते आणि चोख ताळेबंदाच्या या माणसाने शिक्षणावर हात आखडताच ठेवला. साठीच्या दशकात लाखो पोर्तुगीज माणसे, कित्येकदा चोरवाटांनी सरहद्दी ओलांडून, पोट भरायला फ्रान्सला गेली. तिजोरीत सोने साठत होते आणि खेडी रिकामी होत होती. राज्याचा जमाखर्च आणि रयतेचा जमाखर्च या दोन वेगळ्या वह्या आहेत. सालाझारने एकच वही जगाला दाखवली.

गोव्यातली शांतता १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी मोडली. त्यानंतरच्या धरपकडीत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनीशच्या किल्ल्यात पाठवले. त्याच किल्ल्यात पोर्तुगालचे स्वतःचे राजकीय कैदीही असत. त्यांतलाच कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल १९६० मध्ये तिथूनच निसटला. गोव्याचा कैदी आणि लिस्बनचा कैदी एकाच भिंतीआड होते, एकाच माणसाने त्यांना तिथे घातले होते. पोर्तुगीज जनता आपली शत्रू नाही, शत्रू तिच्याही छातीवर बसलेला आहे, हे गोव्याच्या चळवळीतल्या शहाण्या माणसांना फार लवकर उमगले होते.

गोव्यात पोलिसी छळाचे एक नाव घराघरात ठाऊक झाले होते: आजेंत कासिमिरो मोंतेरो. संशयितांना मारहाण, कोठडीतला छळ, रात्रीबेरात्री घरात घुसणे, हे त्याचे काम. गोवा सुटल्यावर हा माणूस नाहीसा झाला नाही. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी स्पेनच्या हद्दीत, बादाखोसजवळ, जनरल उंबेर्तु देल्गादो यांचा पीदेच्या टोळीने खून केला, तेव्हा गोळ्या झाडणारा होता मोंतेरो. देल्गादो १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले होते आणि निवडून आलो तर सालाझारला घरी पाठवीन असे त्यांनी उघड सांगितले होते. सरकारी आकड्यांतही त्यांना सुमारे चौथा हिस्सा मते मिळाली. सालाझारने त्यावरून धडा घेतला आणि ती थेट निवडणूकच रद्द करून टाकली. पणजीच्या कोठडीत तयार झालेला हात पुढे पोर्तुगालच्याच जनरलवर पडला. दूरच्या परक्या माणसांवर चाललेला जुलूम आपल्या घरापर्यंत येणार नाही, असे समजून गप्प बसलेल्या लिस्बनकरांना याहून स्पष्ट उत्तर काय मिळायला हवे होते?

आता पुन्हा मे १९५५. त्या तुकडीला गोव्यात मारहाण झाली, धरपकड झाली. नानासाहेब गोऱ्यांना १० वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना अग्वादच्या तुरुंगात टाकले. बापटांना हद्दीबाहेर परत पाठवण्यात आले. त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. मधु लिमये गेले, त्यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. मथुरेचे अमीरचंद गुप्त मारहाणीत दगावले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही एकाच दिवशी हद्द ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पडले. मध्य प्रदेशाच्या सहोद्राबाई राय झेंडा हाती असताना गोळी लागून जखमी झाल्या. लगोलग दिल्लीने अशा सत्याग्रहांना बंदी केली.

हिशेबी माणूस विचारेल, यातून मिळाले काय? गोवा सुटला तो आणखी सहा वर्षांनी आणि सैन्याने सोडवला. सत्याग्रहींच्या हाडांवर लाठ्या बसल्या, सालाझार जागचा हलला नाही. हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. बापटांनाही तो ठाऊक होता, कारण मुळशीला ते हरले होते. धरण झाले, गावे बुडाली. ज्याने एकदा अशी हार पाहिली आहे तो माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा निःशस्त्र चालत जातो तेव्हा तो भाबडा नसतो. तरुणपणी बाँबची कृती मिळवून आणणाऱ्या, पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम महाराष्ट्रात करणाऱ्या बापटांना शस्त्राचे सामर्थ्य ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी शस्त्र आणि सत्याग्रह दोन्ही मार्ग तपासले होते.

सत्याग्रहींनी केले ते असे. सालाझारचा सारा दावा एका वाक्यावर उभा होता: गोवा वसाहत नाही, तो पोर्तुगालचाच प्रांत आहे आणि तिथली माणसे सुखी आहेत. १९५१ मध्ये त्याने वसाहतींचे नाव बदलून 'सागरापारचे प्रांत' केले ते याचसाठी. हा दावा कागदावर खोडता येत नव्हता, कारण कागद सेन्सॉरच्या हाती होता. निःशस्त्र म्हाताऱ्यांवर आणि बायकांवर चाललेल्या लाठ्या-गोळ्यांनी तो जगापुढे खोडला. सुखी प्रांताला एवढ्या बंदुका कशाला लागतात? हुकूमशाही जगते ती सगळे आलबेल असल्याच्या देखाव्यावर. तो देखावा मोडायला एखाद्याला प्रत्यक्ष समोर जाऊन उभे राहावे लागते आणि राजवटीला आपला खरा चेहरा दाखवायला भाग पाडावे लागते. ज्यांनी सैन्य पाठवायला पुढे सहा वर्षे लावली त्या पंडित नेहरूंनी १९४२ ते १९४५ ही वर्षे बापटांच्याच नगर जिल्ह्यात, नगरच्या किल्ल्यात, कैदी म्हणून काढली होती. शांततेच्या मार्गाने हा प्रश्न सुटेल अशी त्यांची आशा होती. सालाझारने त्या आशेला कधी प्रतिसाद दिला नाही. तडजोड त्याच्या स्वभावात नव्हती आणि राजवटीला परवडणारीही नव्हती. एक वीट काढली की आफ्रिकेतला सारा वाडा डोलू लागेल, हे तो जाणून होता.

आतूनही काम चालूच होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोली-कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला तो अगदी गोवा सुटेपर्यंत. सेन्सॉरचा शिक्का कागदावर बसतो, हवेवर बसत नाही.

१९६१ हे वर्ष सालाझारला भोवले. जानेवारीत त्याच्याच एका बंडखोर कप्तानाने सांता मारिया हे प्रवासी जहाज पळवले, फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोला पेटला, एप्रिलमध्ये संरक्षणमंत्र्याने त्याला हटवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीवर आले. त्या वेळी सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांना जो आदेश धाडला तो वाचून अंगावर काटा येतो. शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी विजयी तरी होतील किंवा मरतील तरी. किमान आठ दिवस तग धरा, असेही सांगितले होते, म्हणजे जगात आरडाओरड करायला सवड मिळेल. हा आदेश देणारा माणूस गोव्याला कधी आलाच नव्हता. त्याने आपल्या एकाही वसाहतीत कधी पाऊल ठेवले नाही. ज्या मातीसाठी तीन हजारांवर पोरांनी मरावे असे तो म्हणत होता ती त्याने नकाशावरच पाहिली होती.

वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबर १९६१ च्या रात्री शरणागतीच्या कागदावर सही केली. त्यांनी आदेश मोडला म्हणून त्यांचे सैनिक वाचले आणि गोव्याची घरे-देवळे-चर्चही वाचली. मायदेशी परतल्यावर त्यांना शाबासकी मिळाली नाही, १९६३ मध्ये त्यांना लष्करातून बडतर्फ केले गेले. या माणसाबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, पण लिहायला हवे. हुकूमशाहीच्या साखळीतली एक कडी ऐन वेळी माणसासारखी वागली.

त्यानंतरची पडझड संथ होती. अंगोला, १९६३ पासून गिनी, १९६४ पासून मोझांबिक. तीन आघाड्यांवर लढाई. ज्याने शिलकीच्या ताळेबंदाने देश जिंकला त्याच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा वाटा युद्ध गिळू लागले. तरुण पोरे सैन्यात जाण्यापेक्षा देश सोडून जाऊ लागली. सेनापती बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वारले. गोवा मोकळा झालेला त्यांनी पाहिला होता, सालाझारची सत्ता गेलेली पाहायला ते उरले नाहीत. ती वेळ फक्त काही महिने दूर होती.

ऑगस्ट १९६८ मध्ये समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात सालाझार सुट्टीवर असताना खुर्चीवरून पडला. डोक्याला मार बसला. महिनाभराने मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ झटका आला. तो वाचणार नाही असे धरून २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष तोमाश यांनी मार्सेलो काएतानो यांना पंतप्रधान नेमले. पण सालाझार वाचला. आणि तुम्ही आता पंतप्रधान नाही, हे त्याला सांगायला कोणी धजेना. तो त्याच निवासात राहिला. जुने मंत्री येऊन त्याच्यापुढे बसत, तो सूचना देत असे, ते मान डोलवत. १९६९ मध्ये एका फ्रेंच पत्रकाराशी तो असा बोलला की जणू कारभार अजून त्याच्याच हाती आहे. २७ जुलै १९७० रोजी तो मेला. चाळीस वर्षे त्याने देशाला खरी बातमी कळू दिली नाही. शेवटची दोन वर्षे त्याच्या स्वतःच्या घरातच सेन्सॉर बसला होता, आणि तो बसवणारी माणसे त्यानेच घडवलेली होती.

माणूस सत्तेवरून गेला तरी राजवट सहा वर्षे चालली. कारण तिचे पोलीस, तिच्या कचेऱ्या, तिची भीती, सगळे जागच्या जागी होते. मोहन रानडे त्याचे साक्षी. सांगलीचा हा मास्तर गोव्यात जाऊन सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा सुटला तेव्हा रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात होते, आणि तिथेच राहिले. गोव्याचे गव्हर्नर जनरल सुटून घरी गेले, शिपाई सुटून घरी गेले, रानडे नाही. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात समिती उभारून वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. फडके स्वतः १९५४ मध्ये दादरा नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोपना भेटले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले. दुसरे गोमंतकीय कैदी तेलो मस्कारेन्हस यांना १९७० पर्यंत थांबावे लागले.

राजवट कोसळली ती २५ एप्रिल १९७४ रोजी. पाडली ती आफ्रिकेतल्या युद्धाला विटलेल्या मधल्या फळीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी, कप्तान आणि मेजर हुद्द्याच्या तरुणांनी. मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेले गाणे वाजले, रणगाडे लिस्बनमध्ये शिरले, लोक घरात बसा अशी सूचना धुडकावून रस्त्यावर आले आणि त्यांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचली. त्या दिवशी गोळ्या झाडल्या त्या पीदेच्या मुख्य कचेरीतून, जमलेल्या गर्दीवर, आणि चार माणसे मेली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नव्या सरकारने भारताशी करार करून गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. वासालो इ सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

२६ एप्रिलला काशियासच्या फाटकाबाहेर माणसांची रीघ लागली होती. आत कैदी वाट पाहत होते. काहींना सोडायचे आणि काहींना नाही असा घोळ नव्या सेनाधिकाऱ्यांत चालला होता, आणि सगळे सुटतील तरच बाहेर येऊ, असे कैद्यांनी आतून कळवले. मध्यरात्र उलटून गेल्यावर फाटक उघडले. ज्या तुरुंगात पाच वर्षांपूर्वीपर्यंत सांगलीचा मास्तर होता, तिथून एकेक करून बायका आणि पुरुष अंधारात बाहेर पडू लागले. नातेवाईक त्यांची नावे घेऊन हाका मारत होते. पुढच्या काही दिवसांत त्याच कोठड्यांत पीदेच्या माणसांना आणून ठेवण्यात आले.